रोजचं दार

अमावास्येला मी पटाशीला हात लावत नाही. रंध्याला नाही, करवतीला नाही, वाकसाला तर नाहीच. आमच्याकडच्या सुतारांचा हा जुना नेम. माझे वडील पाळायचे, त्यांचे वडील पाळायचे, आणि कुवेतमध्ये राई नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या वर्कशॉपात बावीस वर्षं मीही पाळत आलो. इथे सुट्टी शुक्रवारची. अमावास्येची कोण देणार? म्हणून त्या दिवशी हातकामाच्या टेबलावरचे आम्ही पाचही जण, सगळे कोकणातलेच, धारेचं हत्यार बाजूला ठेवतो आणि पॉलिश काढतो, सरस लावतो, स्क्रू निवडतो, भुसा झाडतो. आमचा इजिप्शियन फोरमन इतकी वर्षं समजून चालला आहे की ही हिंदी माणसं फार शिस्तीची, महिन्यातून एक दिवस साफसफाईला देतात. त्याचा हा गैरसमज आम्ही जिवापाड जपला आहे.

गेल्या वर्षी वर्कशॉपात कोरीवकामाचं मशीन आलं. कॉम्प्युटरवर नक्षी टाकायची, फळी ठेवायची, काचेच्या आड पातं गरगर फिरतं आणि चहा पिऊन येईपर्यंत वेल तयार. पहिल्या दिवशी मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी चोरून पाहिलं. खोटं कशाला बोलू, काम स्वच्छ होतं. मी मनात हिशेब मांडला. वय बावन्न. हे टेबल गेलं तर आम्हा पाचांना फिटिंगला घालणार, म्हणजे मशीनने कापलेल्या दारांना बिजागऱ्या मारत गावभर फिरायचं. ते काम हलकं आहे असं मी म्हणत नाही. पण ज्या हाताने बावीस वर्षं पानंफुलं काढली त्या हातात नुसतं ड्रिल धरून निवृत्त व्हायचं, हे मला नको होतं. घरी परत जावं तर तिथेही लोक आता तयार दारं दुकानातून आणतात.

मालक, ज्याला आम्ही अरबीत मुदीर म्हणतो, तो कुवेती, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मनाने मोकळा आणि बोलण्यात आखूड. त्याच्या आईचे वडील लाकडी गलबतं बांधायचे. आई आता ऐंशीच्या पुढची, नजर जवळपास गेलेली. घरात लाकडाची कुठलीही वस्तू आली की ती तिच्यावरून बोटं फिरवते आणि सांगून मोकळी होते: हे जुनं, हे नवं, हे जोडलेलं, इथे भर घातली आहे. मी स्वतः एकदा तिच्या तावडीत सापडलो आहे. एका कपाटाचा सांधा मी पुट्टी भरून बुजवला होता, वरून असा रंग जुळवला की माझा मलाही दिसेना. म्हातारीने नेमकं तिथे नख टेकवलं आणि ‘हे काय?’ म्हणून विचारलं. तेव्हापासून मनातल्या मनात मी तिला मुकादमीण म्हणतो.

तर या मालकाने आपल्या दिवाणियाला, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीच्या खोलीला, इटलीहून एक जुनं दार आणायचं ठरवलं. अक्रोडाचं, दोन झडपांचं, प्रत्येक झडपेत आठ अशी सोळा कोरीव पॅनल. दार एका डोंगरावरच्या छोट्या गावात एका म्हाताऱ्या सुताराकडे पडून होतं. मालकाने ते पाहिलं नव्हतं, सौदा फोनवरच ठरला आणि अडला, कारण उजव्या झडपेतलं एक पॅनल गेलेलं होतं, तिथे साधी फळी ठोकलेली. म्हातारा म्हणाला, पंधरा पॅनलचं दार मी विकत नाही, आणि सोळावं मशीनचं चालणार नाही. त्याचे स्वतःचे हात आता थरथरायचे. मालक बढाईखोर. सांगून बसला, माझ्याकडे आहे असा हात.

मग एका दुपारी त्याने मला ऑफिसात बोलावलं. आमचं बोलणं अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत चालतं.

“उस्ताद, तुम जाएगा इटली. बारह दिन,” तो म्हणाला. “मेरा माँ का उंगली को मालूम नहीं होना, कौन सा नया है. मालूम नहीं हुआ, टेबल रहेगा. मालूम हुआ, खलास. मशीन.”

मी “इंशाल्ला” म्हणालो. दुसरं काय म्हणणार! बाहेर आल्यावर टेबलावरच्या चौघांना सांगितलं. एकाने फक्त माझ्या पटाश्या उचलल्या आणि न सांगता धार लावायला बसला.

रोमपासून गाडीने तीन तास. गाव डोंगराच्या माथ्यावर, घरं सगळी दगडी, गल्ल्या इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले तर दोन शेजाऱ्यांच्या भिंतींना लागावेत. खिडक्यांची झडपं बंद. दुपारी गावात शिरलो तर चिटपाखरू नव्हतं. राईत चोवीस तास ट्रकचे हॉर्न ऐकणारे कान माझे, त्यांना ती शांतता टोचायला लागली. नंतर कळलं की तरुण सगळे शहरात गेलेत, मागे उरलीत ती म्हातारी माणसं आणि मांजरं. हे ऐकून मात्र जरा बरं वाटलं. असलं गाव आपल्याला नवीन नाही.

म्हातारा सुतार चौऱ्याऐंशीचा, बुटका, पांढऱ्या मिशा, कमरेला चामड्याचा जुना एप्रन. त्याची मुलगी पन्नाशीची, खालच्या गावात शाळेत शिकवायची. ती इंग्रजीत सांगे आणि मी समजून घेई. माझं इंग्रजी वर्कशॉपचं: कट, फिनिश, नो प्रॉब्लेम. तेवढ्यावर आमचं बारा दिवस भागलं. माझी राहायची सोय वर्कशॉपच्या वरच्या खोलीत होती.

पहिल्या दिवशी सकाळी मी पटाश्या आणि रंधा बांधलेली गुंडाळी काखेत मारून खाली उतरलो. म्हाताऱ्याने ती माझ्याकडून घेतली, एका खुंटीला टांगली आणि मला हात धरून बाहेर नेलं. आम्ही गाव बघायला निघालो. चर्चमध्ये गेलो. मला वाटलं, छतावरची चित्रं दाखवील. त्याने मला शेवटच्या बाकाशी नेलं, बाकाच्या कडेवर माझा हात ठेवला आणि म्हणाला, लाव. लावला. मग विहीर. तिच्या दगडी काठावर दोरानं पडलेल्या खाचा होत्या, बोट आत जाईल इतक्या खोल. लाव. मग गावच्या बायकांची कपडे धुवायची जुनी जागा, छपराखाली दगडी हौद, तिरक्या शिळा. तिथेही लाव. मग दारं. एकामागून एक दारं. कुठे कडी चाचपायला लावली, कुठे उंबरठ्यावर वाकायला लावलं. प्रत्येक ठिकाणी तो माझ्या तोंडाकडे बघे आणि मी मान हलवून “गुड, गुड” म्हणे.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच! माझं डोकं तापायला लागलं. मी इथे काम करायला आलो की गाव चिवडायला? बारातले तीन दिवस फुकट चालले होते, आणि मला दुसरंच एक गणित दिसत होतं. अकराव्या दिवशी अमावास्या होती. साधीसुधी नाही, सर्वपित्री. आमचा नेम त्या दिवशी उजाडल्यापासून तिथी सुटेपर्यंतचा. बाराव्या दिवशी पहाटे गाडी आणि विमान. म्हणजे दहाव्या संध्याकाळपर्यंत काम संपायलाच हवं. मुलीला मी दोनदा विचारलं, “वर्क वेन?” ती हसून वडिलांना सांगे, आणि वडील मला पुढच्या दाराकडे नेत. गुरू म्हणावा तर शिकवत नाही, मुकादम म्हणावा तर कामाला लावत नाही. असा माणूस मी पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी त्याने लाकूड काढलं. अक्रोडाची एकच फळी, काळसर तपकिरी, त्याच्या वडिलांनी तोडून ठेवलेल्या झाडाची. त्या झाडाचं एवढंच उरलं होतं. चुकलो तर दुसरी फळी नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. मी फळीवर हात फिरवला. इतक्या वर्षांत कीड नाही, चीर नाही. माझा राग तिथेच निम्मा उतरला.

दाराची नक्षी द्राक्षवेलीची. डाव्या आणि उजव्या झडपेतली पॅनल एकमेकांची आरशातली रूपं. गेलेलं पॅनल उजवीकडचं, कमरेच्या उंचीवरचं. म्हणून मी डावीकडचं त्याच्या जोडीचं पॅनल समोर ठेवलं आणि ते उलटं उतरवायला घेतलं. उलटं कोरणं सोपं नसतं. हात ज्या बाजूला जायला सोकावलेला असतो, त्याच्या विरुद्ध त्याला वळवावं लागतं. सात दिवस मी मान वर केली नाही. पान, शीर, देठ, मणी. म्हातारा रोज दोनदा मागे येऊन उभा राही, श्वास ऐकू येई, आणि निघून जाई. खायला पाव, चीज, टोमॅटो, कधी शेवया. भाताचं नाव नाही. सातव्या दिवशी मला स्वप्नात उकड्या भाताची पेज दिसली. पण काम असं होत होतं की माझं मलाच कौतुक वाटावं. दहाव्या दिवशी संध्याकाळी मी शेवटच्या मण्याची कड साफ केली, फुंकर मारली आणि दोन्ही पॅनल शेजारी ठेवली. एका पानाचा फरक नव्हता. मशीनने केलं असतं तर एवढंच केलं असतं, असं माझ्या मनात आलं, आणि मी ते अभिमानाने मनात आणलं. आता विचार केला की लाज वाटते.

म्हाताऱ्याने पॅनल उजेडात नेलं. “बेल्लो,” म्हणाला. सुंदर, एवढं मला कळत होतं. मग त्याने डोळे मिटून त्यावर तळवा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग मुलीला काही बोलला. ती जरा घुटमळली.

“बाबा म्हणतात, काम सुंदर आहे,” ती म्हणाली. “पण हे कुणी न उघडलेल्या दाराचं पॅनल आहे.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी डावीकडच्या पॅनलवर बोट आपटून म्हणालो, “सेम! सेम!” म्हातारा शांतपणे उठला आणि त्याने मला दार दाखवलं. डाव्या झडपेला वर-खाली अडसर होते. ती झडप लग्नाला नाहीतर प्रेताला उघडायची. एरवी सगळं घर उजव्या झडपेतून आलंगेलं होतं. डावीची पानं धारदार राहिली, कारण त्यांना कुणाचा हात लागला नाही. उजवीची बाकी सात पॅनल मी पाहिली होती, पण जिथे जोडी आहे तिथे जोडी उतरवायची, एवढीच माझी अक्कल चालली होती. आता त्यांच्यावरून हात फिरवला, आणि कळलं. ती मऊ होती. शिरा बुजलेल्या, कडा वितळलेल्या. त्यांच्यामध्ये माझं पॅनल बसवलं असतं तर मुकादमिणीच्या बोटाला ते पहिल्याच फटक्यात लागलं असतं.

उद्या बघू, असं म्हणून म्हातारा घरी गेला. उद्या! उद्या अमावास्या होती. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

वर जाऊन बसलो तोच घरून बायकोचा फोन आला. ती गावी, सर्वपित्रीच्या तयारीत.

“जेवलात काय?” तिने विचारलं. “आनी आयकलात, फाल्या सांजच्या पाच वाजून धा मिन्टापर्यंत अमावास्या आसा. हत्याराक हात लावू नकात हां. हंय मी मामांचा पान वाडतंय, थंय तुमी तेंचो नेम मोडू नकात.”

मामा म्हणजे माझे वडील. मी “होय गे” म्हटलं आणि फोन ठेवला. टेबलाचं, पॅनलचं तिला काही सांगितलं नाही. वडील म्हणायचे, महिन्याचो एक दीस लाकडाक आपल्यापासून रजा दी. त्यांनी कितीही अडचणीत हा दिवस मोडला नाही. एकदा लग्नघराचं दार अर्धवट सोडून ते घरी बसले होते आणि यजमान अंगणात येऊन शिव्या देत होता. मी तेव्हा लहान होतो, मला वडिलांचा राग आला होता. आता तोच प्रसंग माझ्यावर. पटाशी घेतली तर बापाचा शब्द मोडतो, नाही घेतली तर पाच जणांचं टेबल जातं. आणि हे सगळं त्या म्हाताऱ्याला सांगायचं कसं? चंद्र दिसत नाही म्हणून मी आज काम करत नाही? माणूस हसेल मला.

म्हणून सकाळी मी पोट दुखतंय असं सांगितलं. वयाच्या बावन्नाव्या वर्षी, शाळा चुकवणाऱ्या पोरासारखं, पोट धरून पलंगावर पडलो.

तासाभराने म्हातारा आणि त्याची मुलगी वर आले. मुलीच्या हातात झाकलेला वाडगा. तिने तो माझ्यापुढे ठेवून झाकण काढलं, तर आत भात. साधा, पांढरा, मऊ शिजवलेला, वर थोडंसं तेल. त्यांच्याकडे पोट बिघडलं की हेच देतात म्हणे. दहा दिवसांनी भात दिसला आणि माझा माझ्यावर ताबा राहिला नाही. पोटदुखीचा माणूस दोन घास खाऊन वाडगा बाजूला सारतो. मी तळ खरवडला. मान वर करून पाहिलं तर दोघंही माझ्याकडे बघत होती, आणि म्हाताऱ्याच्या मिशा हलत होत्या.

ताकाला जाऊन भांडं किती लपवणार! मी सगळं सांगितलं. बोटाने हवेत गोल काढला आणि पुसला. चंद्र नाही. वडील, त्यांचे वडील. आज धारेचं हत्यार नाही. आज आमच्याकडे गेलेल्या माणसांना जेवू घालतात. हे बोलताना रिकाम्या वाडग्याकडे माझं लक्ष गेलं आणि मला एकदम भरून आलं. बायको तिकडे वडिलांचं पान वाढत असेल त्याच वेळी इकडे परक्या माणसांनी माझ्यापुढे भात ठेवला होता. मुलगी सांगत गेली, म्हातारा ऐकत गेला. तो हसला नाही. उठला आणि मला खाली घेऊन गेला.

त्या अक्रोडाच्या फळीचा एक तुकडा उरला होता. तो त्याने उलटा केला. शेवटाला पेन्सिलीने काढलेली चंद्राची बारीक कोर, पुसट झालेली. त्याच्या वडिलांच्या हातची. मुलगी म्हणाली, “चंद्र उतरताना झाड तोडायचं. मग लाकडाला कीड लागत नाही.”

“आमच्याकडे पण!” मी ओरडलोच. काळोख्या पंधरवड्यातला बांबू, काळोख्या पंधरवड्यातला फणस, त्याला भुंगा लागत नाही, हे आमच्या गावात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. तीन दिवस ज्या म्हाताऱ्याला मी मनातून शिव्या घालत होतो, तो आमच्याच आळीतला निघाला. सोनारानेच कान टोचावे म्हणतात, तसा माझा कान सुतारानेच टोचला.

मग तो म्हणाला आणि मुलीने सांगितलं, “पण पटाशी तुझ्याकडे मागितली कुणी? हे काम पटाशीचं नाहीच.”

त्याने फडताळातून वाळलेल्या गवताची एक जुडी काढली. पोकळ, पेरापेराचं, बोटाला खरखरीत लागणारं. लाकूड घासायला त्यांचे जुने लोक हे वापरत. आम्ही खरवतीचं पान वापरतो, तसंच. सोबत लोकरीचा एक जाड तुकडा. मग पॅनल टेबलावर ठेवून तो एका बाजूला बसला, मला दुसऱ्या बाजूला बसवलं, आणि आम्ही घासायला लागलो.

तेव्हा मला तीन दिवसांचं गाव आठवायला लागलं. डोक्याला नाही, बोटांना. चर्चच्या बाकाची कड सगळीकडे सारखी झिजलेली नव्हती, उठताना जिथे तळवा टेकतो तिथे ती खोलगट होती. धुण्याची शिळा खालच्या बाजूला गुळगुळीत, वर खडबडीत. दारांचं तसंच. कडीजवळ झिजलेली, कडीपासून वीतभर लांब पुन्हा कोरी. खाली एका बाजूला मुलांच्या हाताची उंची. आणि कमरेशी एक पट्टा, रुंद. मी म्हाताऱ्याला खुणेने विचारलं, इथे काय? तो उठला, दोन्ही हातात काल्पनिक घागरी धरल्या आणि कुल्ल्याने दार ढकललं. घरात येणाऱ्या बाईचे दोन्ही हात भरलेले असतात, तिला दार ढकलायला हात कुठले? माझी आई असंच दार उघडायची. सगळ्यांच्याच आया असंच उघडतात, मी कधी पाहिलं नव्हतं एवढंच.

आम्ही सकाळभर घासत होतो. कमरेचा पट्टा जास्त, कडीच्या बाजूची पानं त्याहून जास्त, वरचा कोपरा जेमतेम. सात दिवस मी ज्या शिरा जीव लावून काढल्या त्या मी स्वतःच्या हाताने बुजवत होतो. पहिला तास काळजाला लागत होतं. मग नाही लागलं. समोर म्हाताऱ्याचा हात चालला होता. तो पार थरथरत होता, पण घासायच्या कामाला थरथर आड येत नाही. उलट त्याच्या बाजूची पानं माझ्या बाजूहून सरस उतरत होती. हे त्यालाही दिसत होतं आणि तो गालात हसत होता. किती वर्षांनी त्याने लाकडावर हात ठेवला, मुलगी म्हणाली, आणि पाठ फिरवून खिडकीपाशी गेली.

काम झालं, पण पॅनल चौकटीत बसेना, मागून केसभर रंधा मारावा लागणार होता. रंधा म्हणजे धारेचं हत्यार. मी घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. बायकोने सांगितलं होतं सांजचे पाच-दहा. आता संध्याकाळपर्यंत बसणं आलं. आणि मग मला माझी बैलबुद्धी कळली. पाच-दहा तिकडचे! कुवेतमध्ये मी दर महिन्याला न चुकता अडीच तास वजा करतो, इथे आल्यापासून डोकं म्हणून चाललं नव्हतं. इटली भारताच्या साडेतीन तास मागे. म्हणजे अमावास्या इथे एक चाळीसला सुटणार. मी मुलीला बोटांवर हिशेब मांडून दाखवला. तिने वडिलांना सांगितलं. म्हाताऱ्याने भिंतीवरचं घड्याळ काढून टेबलावर, आमच्या दोघांच्या मध्ये ठेवलं आणि हाताची घडी घालून बसला. एक चाळीस होईपर्यंत तो जागचा हलला नाही. माझ्याहून त्याचाच नेम कडक. काटा आला, तशी त्याने स्वतःच्या हाताने खुंटीवरच्या गुंडाळीतून माझा रंधा काढला आणि मला दिला.

पॅनल बसलं. दार वर्कशॉपातच एका तात्पुरत्या चौकटीला लावलेलं होतं. म्हाताऱ्याने चुलीपाशी जाऊन दोन्ही काखांत लाकडाच्या मोळ्या घेतल्या, दारापलीकडे गेला आणि दार लोटून घेतलं. क्षणभर काही झालं नाही. मग दार उघडलं. कुल्ल्याने ढकलून, मोळ्या सांभाळत, तो आत आला आणि माझ्याकडे न बघता चुलीकडे चालता झाला. मला शाबासकी मिळाली ती एवढीच. पहाटे मी निघालो तेव्हा त्याने माझा हात बराच वेळ सोडला नाही.

दार जहाजाने दीड महिन्याने आलं. आम्ही पाच जणांनी मिळून ते मालकाच्या दिवाणियाला लावलं. एकाच्या हातून स्क्रू दोनदा पडला. मग मालक आईला हात धरून घेऊन आला. आम्ही बाजूला उभे. ती डावीकडून सुरू झाली. वरून खाली, एकेक पॅनल, बोटांच्या शेंड्यांनी. मध्येच थांबे, पुढे जाई. डावीकडची आठ झाली. उजवीकडे आली. वरची झाली. माझ्या पॅनलवर तिचा हात आला आणि थांबला.

बोटं पुढे जाईनात. ती मागे गेली, शेजारचं चाचपलं, पुन्हा माझ्या पॅनलवर आली. तळवा टेकवला. मालकाने माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली बघितलं. मला वाटलं, गेलं. बावीस वर्षं गेली.

मग म्हातारी वळली. पाठमोरी झाली, अंगावरची काळी अबाया सावरली, आणि दाराला कुल्ला लावून तिने ते ढकललं. दार उघडलं. ती हसली. मला बावीस वर्षांचं अरबी येतं, तिचा शब्दन् शब्द कळला.

“पाणी घेऊन आलो की आम्ही असंच उघडायचो,” ती मुलाला म्हणाली. “हे रोजचं दार आहे. यातून रोज कुणीतरी आलंगेलं आहे. यातलं नवं कुठलं, ते तूच सांग. मला तर सापडत नाही.”

मालक दारापाशी गेला, सोळाही पॅनलवरून त्याने हात फिरवला, दोनदा फिरवला. मग माझ्याकडे आला.

“कौन सा है, उस्ताद?”

मागे आमच्यातलाच एक नाक ओढत होता. मी म्हणालो, “बताएगा तो टेबल जाएगा, मुदीर.”

तो मोठ्याने हसला आणि माझ्या पाठीवर थाप मारून आईमागोमाग आत गेला. त्या एका पॅनलपाशी आम्ही पाचही जण थोडा वेळ उभे राहिलो. मी त्यावर हात ठेवला. अर्ध्या पानांवर म्हाताऱ्याचा हात चालला होता, अर्ध्यांवर माझा, आणि कुठली कुणाची हे आता माझं मलाही सांगता येईना.